सहाच्या आणि दहाच्या बातम्या

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फलकावर आजचा विषय वाचून बऱ्याच जणांनी आम्हाला विचारलं, की गणपतीत इंग्लंडच्या टीव्हीवरच्या बातम्या कशाला? त्यात बोलणारे आम्ही पडलो सरकारी नोकर, आणि सांगणार काय, तर वेळ पाळण्याचं महत्त्व! तेव्हा काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही उभयता लेस्टरला मेहुणीकडे महिनाभर राहून आलो. राजवाडा, लंडनचा पूल हे सगळं पाहिलं; त्याचे फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेच आहेत. पण मनात राहिली ती त्यांच्या घरातली संध्याकाळ. सोमवार ते शुक्रवार, सहाच्या ठोक्याला साडूभाऊ टीव्ही लावायचे. सहा ते साडेसहा देशाच्या आणि जगाच्या बातम्या. साडेसहा ते सात त्यांच्या भागाच्या बातम्या; त्या नॉटिंगहॅमहून येतात. कुठे रस्ता बंद, कुठल्या शाळेचं काय झालं, उद्या पाऊस आहे का. सात वाजले की टीव्ही बंद आणि जेवण. दहा वाजता पुन्हा अर्धा तास. तिकडे जूनमध्ये दहालाही आकाशात थोडा उजेड असतो, त्यामुळे आम्हाला ती रात्रीची बातमी वाटायचीच नाही.

पहिले दोन दिवस आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. पडद्यावर एकच माणूस. आवाज चढत नाही. आधी चार-पाच ठळक बातम्या, मग एकेक सविस्तर, मध्ये जागेवर उभा असलेला वार्ताहर, शेवटी हवामान. आठ चौकटींत आठ माणसं एकदम ओरडत नाहीत. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, ह्यांच्याकडे भांडायला कोणी येतच नाही वाटतं!" चौथ्या दिवसापासून मात्र पावणेसहा झाले की त्याच चहा टाकायला लागल्या.

मग आम्ही ह्याची थोडी माहिती काढली. बीबीसीनं टीव्हीवर रोजची बातमीपत्रं सुरू केली 5 जुलै 1954 रोजी. गंमत म्हणजे तेव्हा वाचणारा माणूस पडद्यावर दिसतच नसे. नुसती चित्रं आणि आवाज. कारण काय, तर वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरची एखादी रेघ हलली, भुवई वर गेली, तर लोकांना वाटेल ह्याचं मत कळलं. बातमी ती बातमी, तिच्यात वाचणाऱ्याचं मत मिसळू नये, एवढी त्यांना धास्ती.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1955 मध्ये, जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही ही वाहिनी आली. तिच्या बातम्या देणाऱ्या आयटीएन संस्थेनं पहिला चेहरा निवडला तो ख्रिस्तोफर चॅटवे ह्यांचा. हे नावाजलेले धावपटू. रॉजर बॅनिस्टरनं 1954 साली चार मिनिटांच्या आत मैल पळून दाखवला, तेव्हा त्याला वेग ठेवून देणाऱ्या दोघांपैकी हे एक. असा माणूस बातम्या सांगायला समोर बसणार म्हटल्यावर बीबीसीनंही त्याच महिन्यात आपल्या निवेदकांना पडद्यावर आणलं.

3 जुलै 1967 रोजी आयटीव्हीवर रात्री दहाला अर्ध्या तासाच्या बातम्या सुरू झाल्या. नाव साधंच, 'न्यूज अ‍ॅट टेन'. सलग अर्धा तास बातम्या लोक बघतील का, अशी शंका होती, म्हणून आधी 13 आठवड्यांपुरतं करून बघू असं ठरलं. सुरुवातीला पार्लमेंटच्या घड्याळाचे, बिग बेनचे ठोके. एक ठोका, एक मथळा, पुन्हा ठोका. आणि सगळी युद्धं, संप, अपघात सांगून झाले की शेवटी एखादी हलकीफुलकी गोष्ट, म्हणजे माणसानं झोपायला जावं ते थोडं हसून. ते 13 आठवडे जवळजवळ 32 वर्षं चालले!

आणि मग त्यांनी स्वतःच ती घडी मोडली. तिकडे रात्री नऊच्या आधी मुलांना न चालणारं काही दाखवत नाहीत. त्यामुळे मोठ्यांचा सिनेमा नऊला सुरू व्हायचा आणि दहाला बातम्यांसाठी मध्येच तोडावा लागायचा. वाहिनीला ते परवडेना. मार्च 1999 मध्ये दहाच्या बातम्या बंद झाल्या; संध्याकाळी साडेसहा आणि रात्री अकरा अशी विभागणी झाली. लोक नाराज, खासदार नाराज. ऑक्टोबर 2000 मध्ये बीबीसीनं आपल्या नऊच्या बातम्या उचलून दहाला नेल्या. जानेवारी 2001 मध्ये आयटीव्ही दहाला परत आली, पण रोज नाही. आज दहाला, उद्या आणखी केव्हातरी. लोक थट्टेनं म्हणू लागले, 'न्यूज अ‍ॅट व्हेन?' 2004 मध्ये साडेदहा, 2008 मध्ये पुन्हा दहा. तोवर लोकांना दहा वाजता दुसरीकडे बसायची सवय लागली होती.

ह्याचा आमच्यापुरता अर्थ आम्ही असा लावला. ठरलेली वेळ म्हणजे घरोघरी दिलेला शब्द असतो. आम्ही ह्या वेळेला येऊ, एवढं सांगू आणि थांबू. ह्यातलं 'थांबू' फार महत्त्वाचं. बातम्या संपतात, म्हणून मग घरातली माणसं एकमेकांशी बोलू शकतात.

त्यांचं सगळंच सोन्याचं आहे असं कोणी समजू नये. बीबीसीवर राष्ट्रीय बातम्या नियमितपणे वाचणारी पहिली स्त्री, अँजेला रिपन, 1975 साली आली. म्हणजे वीस वर्षं गेली. 1988 ते 1994 ह्या काळात उत्तर आयर्लंडमधल्या काही संघटनांच्या लोकांचा आवाज ऐकवायला सरकारनं बंदी केली. तेव्हा पडद्यावर ओठ त्या माणसाचे हलायचे आणि शब्द नट बोलायचा. म्हणजे शांत आवाजातही लपवाछपवी होऊ शकते.

पण त्याच 1988 सालचा आणखी एक प्रसंग. 23 मे रोजी सहाच्या बातम्या सुरू होत होत्या आणि समलिंगी लोकांविरुद्धच्या एका कायद्याचा निषेध करायला काही स्त्रिया थेट स्टुडिओत घुसल्या. सहनिवेदक निकोलस विचेल उठून त्यांच्यातल्या एकीला आवरत होते, मागून दबका आरडाओरडा ऐकू येत होता, आणि सू लॉली बातम्या वाचत राहिल्या. त्या स्त्रियांचं म्हणणं ऐकायला हवं होतं की नाही, हा वेगळा प्रश्न. पण टीव्हीसमोर बसलेल्यांना दिलेला शब्द पाळायचा म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसलं.

आता घरचं सांगतो, म्हणजे विषय इंग्लंडात राहणार नाही. तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल, आपल्या इथे मुंबईचं दूरदर्शन दिसत नव्हतं तेव्हा आकाशवाणीच्या मराठी बातम्या लागल्या की घर गप्प व्हायचं. आमचे आजोबा एक हात वर करत, तो बातम्या संपल्यावरच खाली. इथे चार पिढ्या हिंदी मुलखात राहूनही आमची मराठी टिकली, त्यात त्या वर केलेल्या हाताचा वाटा आहे. बातम्या संपल्या की त्यावर वाद व्हायचे, जोरात व्हायचे, पण आधी सगळ्यांनी एकच गोष्ट पुरती ऐकलेली असायची.

गेल्या निवडणुकीत मात्र आमच्या घरात वेगळंच घडलं. रात्रभर चाललेली एक चर्चा बघता बघता आमचे काका आणि आमचा मुलगा ह्यांची जुंपली. टीव्हीवरचे ओरडत होते, म्हणून हेही ओरडले. काकांनी दोन महिने आमचा उंबरठा ओलांडला नाही. काय बातमी होती, आज दोघांनाही आठवत नाही.

लेस्टरहून परत आल्यावर आम्ही घरात ठरवलं, की संध्याकाळी अर्धा तास मराठी बातम्या, सगळ्यांनी एकत्र, फोन बाजूला. मग टीव्ही बंद. पहिल्या आठवड्यात दोनदा मोडलं. एकदा तर आम्हीच मोडलं, क्रिकेटपायी. पण आता काका येतात. चहा घेतात, बातम्या बघतात. मुलाशी बोलणं अजून बेताचंच आहे, पण परवा हवामानावरून दोघांचा वाद झाला, आणि आम्हाला बरं वाटलं.

आपल्या मंडळाची आरती इतकी वर्षं संध्याकाळी ठरल्या वेळेलाच होते, म्हणून आपण सगळे जमतो. तसा घरातही रोजचा अर्धा तास ठरवून बघा, एवढीच विनंती. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं आम्हाला दिसलं आहे. तेव्हा दिलेल्या वेळेतच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!