हिरोशिमात एक रात्र तरी राहा

बरेच पर्यटक हिरोशिमा सकाळी बघतात आणि संध्याकाळी ओसाकाला परततात. माझी विनंती आहे, एक रात्र तरी तिथे राहा.

आधी शांतता स्मारक संग्रहालय बघा. तिथे एका लहान मुलाची जळालेली तीनचाकी सायकल आहे. फौजेत आम्ही नकाशावर लक्ष्य आखायला शिकतो. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा आयोई पूल असंच एक लक्ष्य होता. त्याच्या आसपास कोण राहत होतं, ते ही सायकल सांगते.

बाहेर पडल्यावर लगेच स्टेशन गाठू नका. ट्राम पकडा. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला आणि ९ ऑगस्टला एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावू लागली! तिने शुक्केइएन बागेच्या जवळ उतरा. १६२०ची ही बाग बेचिराख झाली होती, लोकांनी ती पुन्हा उभी केली.

रात्री ओकोनोमियाकी खा. तव्यावर पीठ, भरपूर कोबी, नूडल्स आणि अंडं असे थर लावतात. शाकाहारी असाल तर मांस आणि माशाची पूड नको, हे आधीच सांगा.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने मियाजिमाला जा. भरतीची वेळ बघून गेलात, तर तिथलं लाल तोरण पाण्यात उभं दिसेल.

फक्त संग्रहालय बघून परतलात, तर या शहराचा एकच दिवस बघितलात. त्यानंतरचे दिवसही त्याच लोकांनी काढले आहेत. तेही बघून या.

जय हिंद.