साठ मुलांचे एक नाटक

(ईद-मिलन कार्यक्रमाच्या तयारीसाठी भरलेल्या पालक-शिक्षक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





ईदची सुटी संपल्यावर शाळेत ईद-मिलन व्हावे आणि त्यात मुलांनी नाटक सादर करावे, अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांनी बोलून दाखविली आहे. नाटकात भाग घेऊ इच्छिणारी मुले साठ आहेत. आता नाटक कोणते घ्यावे, याविषयी चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

पुष्कळ शाळांतून नाटकाची निवड उलट्या क्रमाने होते. आधी पुस्तक निवडले जाते. त्यात आठ पात्रे असतात. मग आठ मुले शोधली जातात. स्वच्छ उच्चारांची, धीट, आणि बहुधा मागच्या वर्षी होती तीच. बाकीच्यांना 'गावकरी' किंवा 'सैनिक' म्हणून मागे उभे केले जाते. ना बोलायला वाक्य, ना करायला काम. अशी मुले चौथ्या दिवसापासून तालमीला येत नाहीत, आणि आपण म्हणतो, "यांना आवडच नाही."

माझे म्हणणे असे की, आधी मुले मोजावीत आणि मग नाटक निवडावे. धीट मुलाला नाटकाने थोडाफार फायदा होतो. पण जो वर्गात उत्तर येत असूनही हात वर करीत नाही, त्याला त्याचा फायदा फार मोठा होतो. तो मुलगा उद्या नोकरीच्या मुलाखतीला जाणार आहे. ती मुलगी उद्या दवाखान्यात, कचेरीत, बँकेत आपले म्हणणे मांडणार आहे. शंभर माणसांसमोर एक वाक्य ठाम उभे राहून बोलता येणे, हेही शिक्षणच आहे.

या दृष्टीने मी एक नाव सुचवितो. मुन्शी प्रेमचंद यांची 'ईदगाह' ही कथा. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांनी ती पाठ्यपुस्तकात वाचली असेल. चार-पाच वर्षांचा पोरका हामिद, त्याची म्हातारी दादी अमीना, आणि ईदच्या दिवशी त्याच्या खिशात असलेले तीन पैसे. मित्रांपैकी महमूदजवळ बारा पैसे आहेत, मोहसिनजवळ पंधरा. ते पाळण्यात बसतात, मिठाई खातात, मातीची खेळणी घेतात. हामिद मात्र लोखंडी सामानाच्या दुकानापुढे थांबतो. रोटी भाजताना तव्यावर दादीची बोटे पोळतात, हे त्याला आठवते. दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो. हामिद तो तीन पैशांत मागून घेतो.

कथा लहान आहे, पण तिच्यात एक अख्खे गाव आहे आणि एक अख्खी जत्रा आहे. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. हामिद आणि अमीना दोन. महमूद, मोहसिन, नूरे आणि सम्मी हे मित्र चार. गावातली इतर मुले चौदा. वडीलधारी माणसे आठ. मिठाईवाला, खेळणीवाला, पाळणेवाला, लोखंडी सामानवाला असे विक्रेते दहा. कथा सांगणारे निवेदक सहा. हे झाले चव्वेचाळीस. आता खेळणी पाहा. कथेतले शिपाई, भिश्ती, वकील आणि धोबीण हे मातीचे आहेत. त्यांच्या जागी मुलेच उभी करा आणि आणखी दोन खेळणी जोडा, सहा झाली. म्हणजे पन्नास. पडदा, कपडे, वाद्ये, आवाज आणि सामान यांसाठी दहा. साठ मुले कामाला लागली.

खेळण्याचे काम लाजऱ्या मुलासाठी मुद्दाम राखून ठेवावे. प्रारंभी त्याला फक्त पुतळ्यासारखे निश्चल उभे राहायचे आहे. पाच मिनिटे न हलता उभे राहणे मुळीच सोपे नाही! मग मुलांची भांडणे जुंपतात तेव्हा शिपायाने एक वाक्य बोलावे, वकिलाने एक बोलावे. लोक हसतात, टाळी पडते, आणि त्या मुलाचा संकोच निम्मा कमी होतो.

गर्दीतल्या मुलांसाठीही एक सोपी युक्ती आहे. तालमीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. तुझे नाव काय? तुझ्याबरोबर जत्रेला कोण आले आहे? तुझ्या खिशात किती पैसे आहेत? उत्तर त्याने स्वतः ठरवावे आणि अखेरपर्यंत बदलू नये. ज्याच्या खिशात दोन पैसे आहेत, तो मिठाईच्या दुकानापुढून वेगळ्या रीतीने चालतो. ज्याच्या खिशात वीस आहेत, तो वेगळ्या. असे झाले की 'गावकरी क्रमांक नऊ' उरत नाही, तिथे एक माणूस उभा राहतो.

शाळेच्या लहानशा मंचावर एवढी मुले मावतील कशी, ही शंका साहजिक आहे. एका वेळी वीसहून अधिक मुले वर नसावीत. गावातून ईदगाहकडे निघालेली मिरवणूक प्रेक्षकांमधल्या वाटेने न्यावी. देखावे रंगविण्यावर पैसा घालवू नये. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकात दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी माणसांच्या रांगेचाच पडदा केला होता. ते नाटक शाळेसाठी नाही, पण युक्ती घेण्याजोगी आहे. आपली मुले हातात हात घालून भिंत होतील, झाड होतील, पाळणाही होतील.

बाजार हेच नाटक होऊ शकते, याचे मोठे उदाहरण हबीब तन्वीर यांचे 'आग्रा बाजार' आहे. १९५४ साली दिल्लीत ते प्रथम झाले तेव्हा जामिया मिल्लियाचे विद्यार्थी, शिक्षक आणि शेजारच्या ओखला गावातले रहिवासी त्यात उतरले होते. कवी नझीर अकबराबादी यांच्याभोवती सगळे नाटक फिरते, पण स्वतः नझीर रंगमंचावर येतच नाहीत. बाजारातली सामान्य माणसेच ते पेलतात.

भाषेचे काय, असे काही पालक विचारतील. निवेदन शुद्ध मराठीत असावे. संवादांत मात्र मुलांना घरची बोली बोलू द्यावी. कोकणातल्या मुलाने कोकणी बोलावे, देशावरच्याने दखनी बोलावी, कुणी उर्दू बोलेल. 'ळ' आणि 'ण' यांच्या उच्चारांवरून ज्याला हसले जाते, तो तोंड मिटून बसतो. एकदा त्याच्या बोलीला टाळी मिळू द्या; प्रमाण मराठी शिकायला तो आपण होऊन पुढे येईल.

एका गोष्टीत काळजी घ्यावी. कथेत ईदची नमाज आहे. नमाज ही इबादत आहे, तिचा अभिनय मंचावर करू नये. मंच रिकामा ठेवावा, एका निवेदकाने त्या हजारो माणसांच्या रांगांचे वर्णन करावे, आणि नमाजीनंतर लोक गळाभेट घेत प्रवेश करतात तेथून पुढे जावे. कुणाच्या भावनेला धक्का लागणार नाही आणि प्रसंगाची शोभाही राहील.

आता मुलींविषयी. या कथेतली सर्वांत कठीण भूमिका अमीनाची आहे. शेवटी चिमटा पाहून ती आधी रागावते आणि मग रडू लागते. हे काम मुलीनेच करावे. येथे सिनेमाची गाणी नाहीत, नाच नाही; सलवार-कमीज आणि ओढणी हाच नाटकाचा पोशाख आहे. तालीम मगरिबपूर्वी संपेल, मुली घोळक्याने घरी जातील आणि कोणत्याही आईला तालमीला येऊन बसता येईल, असे शाळेने लेखी कळवावे. एवढे झाल्यावर, माझ्या बंधूंनो, नकार देण्यापूर्वी आपल्या मुलीला एकदा विचारा. मुलगा न विचारता नाव देऊन येतो. मुलगी तुमच्या चेहऱ्याकडे पाहते आणि गप्प बसते.

वेळापत्रकही आधीच आखावे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ साली ईदुल-फित्र ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. म्हणजे सध्या रमजान दहावीच्या परीक्षेच्या सुमारास येतो. म्हणून दहावीच्या मुलांवर मोठी कामे टाकू नयेत. पाचवी ते नववीवर भिस्त ठेवावी. पाठांतर रमजानपूर्वी पुरे करावे. रोजे असताना ओरडण्याची, धावपळीची तालीम घेऊ नये; बसून वाचन करावे, कागदाच्या टोप्या आणि खेळणी बनवावीत. गर्दीच्या प्रवेशांची तालीम ईदनंतर घ्यावी आणि प्रयोग त्यानंतर दोन आठवड्यांनी करावा.

हक्कांचा मुद्दा थोडक्यात सांगतो. प्रेमचंद १९३६ साली निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथहक्क संपतो; म्हणून 'ईदगाह'चे नाट्यरूपांतर आपले शिक्षक आणि विद्यार्थी मिळून करू शकतात. हबीब तन्वीर २००९ साली गेले. त्यांच्या नाटकावर हक्क अजून आहे. दुसऱ्याचे तयार रूपांतर घ्यायचे असेल, तर तिकीट लावण्यापूर्वी किंवा बाहेर प्रयोग करण्यापूर्वी परवानगी मागावी. मुलांना हेही शिकवावे की, लिहिणाऱ्याचाही हक्क असतो.

पालकांनो, खर्च फारसा नाही. जुनी चादर, दोन-चार बांबू, मातीचा रंग आणि एक चिमटा. तुमच्याकडून हवा आहे तो वेळ. कुणी शिवणकाम जाणत असेल, कुणी सुतारकाम, कुणाच्या वडिलांना बाजारातल्या जुन्या आरोळ्या आठवत असतील. त्यांनी एक संध्याकाळ शाळेला द्यावी. आणि विद्यार्थ्यांनो, सोमवारी नावे घेतली जातील तेव्हा मित्राचे नाव द्याच, पण तुमच्या बाकावर जो कधी बोलत नाही त्याचेही द्या.