वाऱ्याचा काही नेम नाही

मराठ्यांच्या तोफखान्यात तोफ डागणाऱ्याला गोलंदाज म्हणत. पुढे क्रिकेटने तो शब्द उचलला आणि तोफेशी असलेलं त्याचं नातं लोक विसरले. तिरंदाज, गोलंदाज यांतला 'अंदाज' फारसीतून आला. त्याचा अर्थ फेकणारा. आपण 'पावसाचा अंदाज' म्हणतो तो अंदाजही त्याच घराण्यातला. फेकणं आणि अटकळ बांधणं ही दोन्ही कामं भाषेने एका शब्दात बसवून टाकली. शब्दांच्या धंद्यातल्या माझ्यासारख्या माणसाला बंदुकीविषयी बोलायला एवढा परवाना पुरे आहे.

लांब पल्ल्याच्या बंदुकीची गोळी कुठे लागेल हे सांगणारी गणकयंत्रं आता फोनमध्येच मिळतात. गोळीचं वजन, तिचा आकार, नळीतून सुटतानाचा वेग, हवेचा दाब, वारा, अंतर हे सगळं भरायचं. दुर्बिणीची चकती किती फिरवायची ते फोन सांगतो. आणि पुष्कळदा गोळी दुसरीकडेच लागते. हे असं का होतं?

माझा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी तो सरे परगण्यातल्या बिस्लीला नेमबाजीला जातो. १८९० पासून तिथल्या मोठ्या स्पर्धा याच माळावर होतात. त्याच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा मीही एक दिवस त्याच्यामागे स्टुलावर बसून राहिलो. लक्ष्य १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटर दूर. गोळी सुटली की लक्ष्याखालच्या खंदकातली माणसं ते खाली ओढतात, भोकात रंगीत चकती खोचतात आणि पुन्हा वर चढवतात. चकती वर आली ती मधल्या काळ्या वर्तुळाच्या हातभर खाली. भाचा म्हणाला, "मामू, फोन खोटं बोलतोय."

फोनची बाजू घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल. गॅलिलिओने १६३८ मध्ये फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो हे गणिताने दाखवलं. गणित चोख होतं, फक्त त्यात हवा नव्हती. हवा जमेला न धरता तोफगोळ्याची गणितं पुढे शंभर वर्षं होत राहिली. मग इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने लाकडाचा जड ठोकळा टांगला, त्यात गोळी झाडली आणि ठोकळा किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला. १७४२ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्याने दाखवलं की अन्वस्ताच्या हिशेबाने पंधरा-सोळा मैल जायला हवा असा गोळा प्रत्यक्षात तीन मैलही जात नाही. हवेचा विरोध इतका जबर असेल हे तोवर फारसं कुणी मानलं नव्हतं. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला आणि भरपूर टिपा जोडल्या. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ले दुरुस्त करायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आधुनिक नेमबाजीच्या गणिताचा हा एक मूळपुरुष तमिळ किनाऱ्यावर विसावला, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

हवा हिशेबात आल्यावर गणित फार किचकट झालं. गोळीचा वेग क्षणोक्षणी घटतो, तसा हवेचा विरोधही क्षणोक्षणी बदलतो. म्हणून प्रवासाचे बारीक बारीक तुकडे पाडून एकेक सोडवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हे काम प्रामुख्याने तरुण मुली हाताने आणि मेजावरच्या यंत्रांवर करत. एका मार्गाला वीसेक तास लागत. या तक्त्यांसाठीच बांधलेल्या एनिॲक या संगणकाने १९४६ मध्ये ते काम अर्ध्या मिनिटात करून दाखवलं. आज तेच फोनमध्ये पापणी लवायच्या आत होतं. तेव्हा बेरीज-वजाबाकी चुकते हा संशय आधी सोडून द्यावा.

मग खोट कुठे असते? आपण जे भरतो त्यात.

पहिली गोष्ट वेग. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग कारखान्यातल्या नळीचा असतो. आपली नळी चार बोटं आखूड असली की तो बदलतो. शिवाय दारू तापली की जोर करते. (हे वाक्य बंदुकीच्या दारूविषयी आहे, श्रोत्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) काही जातींच्या दारूत उष्णता दहा अंशांनी वाढली तर वेग सेकंदाला पाच-सात मीटरने वाढतो. नेहमीच्या ७.६२ मिलिमीटर बंदुकीची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. १००० यार्ड गाठायला तिला दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात ती सुमारे दहा मीटर खाली येते, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून तळाला. वेगात शेकडा एकाचा फरक पडला तर १०० यार्डांवर तो केसाइतका दिसतो. १००० यार्डांवर तोच वीतभर होतो.

दुसरी गोष्ट गोळीचा आकडा. गोळी हवा किती सफाईने कापते हे एका प्रमाण गोळीशी तुलना करून सांगतात. ती जुनी प्रमाण गोळी एकोणिसाव्या शतकातल्या चाचण्यांमधली, सपाट बुडाची आणि आखूड नाकाची. आजची गोळी लांबट, निमुळत्या बुडाची. तिच्यासाठी वेगळं प्रमाण आहे, तरी खोक्यावर बहुधा जुन्याच मापाचा आकडा छापतात. पहिलवानाचं माप घेऊन शिवलेला सदरा काडीपहिलवानाला घालावा तसं होतं. खांद्यात बसतो आणि खाली घोळतो. वेग घटत ध्वनीच्या वेगाशी येतो तिथे तर गोळी डगमगते आणि कुठलाच आकडा नीट लागू पडत नाही.

हवेच्या दाबाचा घोटाळा त्याहून मजेदार. फोनवर हवामानाच्या बातम्यांत दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. महाबळेश्वरला उभं राहून तो आकडा वाचला तर १०१० वगैरे दिसेल. खरा दाब ८६०च्या आसपास. तो आकडा यंत्रात जागेवरचा दाब म्हणून भरला, तर आपण महाबळेश्वरावर मुंबईची हवा पसरली असं होतं. आणि दमट हवा जड असते असं मुंबईकराला वाटतं तेही खरं नाही. बाष्पाची हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. फरक अगदी थोडा, तो सोडून द्यावा.

भाच्याच्या बाबतीत मात्र यातलं काहीच नव्हतं. त्याने वेग स्वतः यंत्राने मोजला होता. तरी त्याने काय केलं? गोळी खाली लागते म्हणून फोनमधला वेग थोडा थोडा कमी करत नेला, उत्तर जुळेपर्यंत. १००० यार्डांवर जुळलं. मग शेजारच्या सेंच्युरी मैदानावर ६०० यार्डांवर गेला तर गोळी अजूनही थोडी खाली, आणि पुढे १२०० वर उलट वर. असं जुळवून घेणं नेमबाजांत सर्रास चालतं. खरा दोष सापडला नसताना हाताशी असलेला आकडा वाकवायचा, म्हणजे एका खोट्याच्या जागी दोन.

त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी फोनला हात लावला नाही. त्यांनी १०० यार्डांवर उंच कागद लावला, ओळंबा धरून उभी रेघ मारली आणि दुर्बिणीची चकती ३० कला फिरवायला सांगितली. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. आपल्या ज्योतिषातला हा शब्द मला फार आवडतो. १०० यार्डांवर एक कला म्हणजे १.०४७ इंच. तेव्हा दोन भोकांत जवळजवळ साडेएकतीस इंच यायला हवेत. फितीने मोजले तर भरले बरोबर तीस. त्या दुर्बिणीची कला एका इंचाची होती, फोनची खरी होती. १००० यार्डांसाठी पस्तीस कला चढवल्या की हा फरक सुमारे सोळा इंचांचा होतो. हातभर!

वाऱ्याची गोष्ट निराळी; तिथे खरा आकडा भरणंच शक्य नसतं. वारा मोजायचं यंत्र आपल्या हातात, म्हणजे ते आपल्या जागेचा वारा सांगणार. मध्ये झाडांचा आडोसा, पुढे खोलगट जमीन, शिवाय गोळी वाटेत माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वरून जाते, तिथला वारा वेगळाच. आडवा वारा ताशी एका मैलाने चुकला तरी १००० यार्डांवर वीतभर फरक. बरं, सुरुवातीच्या वाऱ्याचा परिणाम अधिक, कारण तिथे वळलेली गोळी पुढे सगळी वाट वळलेलीच जाते. जुने नेमबाज दुर्बिणीतून मृगजळ पाहतात. ते ज्या बाजूला वाहतं तिकडे वारा. सरळ वर उकळत असेल तर आडवा वारा नाही. आम्ही कवींनी मृगजळाला आयुष्यभर फसवं म्हटलं आणि इथे माणसं त्याच्यावर भरवसा ठेवतात! गोळीच्या स्वतःच्या फिरकीनेही ती वीतभर बाजूला सरकते, पृथ्वीच्या फिरण्याने आणखी काही बोटं. पण ते फोनला कळतं. वारा कळत नाही.

भाच्याला एका मित्राने स्कॉटलंडमध्ये हरणाच्या शिकारीला बोलावलं होतं. तिथे ती कायदेशीर आहे, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली बंद आहे. त्याने विचारलं, फोन आहे, ५०० यार्डांवरून मारू का? म्हाताऱ्यांनी स्वच्छ नाही सांगितलं. "खंदकातली माणसं चकती लावून दाखवतात, म्हणून तुला कळतं की गोळी हातभर खाली गेली. हरणाचा पाय मोडला तर ते तुला दाखवायला थांबणार नाही." दोनशे यार्डांच्या आत सरपटत जाता येत असेल तर जा, नाहीतर परत ये, असं ते म्हणाले. तो गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. मला ते ऐकून बरं वाटलं.

बिस्लीला स्पर्धेत सुरुवातीला दोन गोळ्या अंदाजाच्या मिळतात, हव्या तर गुणांत धरायच्या. पहिली तो अजूनही फोनच्या सांगण्यावर झाडतो. मग चकती वर येते आणि तो वहीत लिहितो: उष्णता, जागेवरचा दाब, फोन काय म्हणाला, गोळी कुठे लागली. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवायचे, एकाकडे पाहून दुसरा खोडायचा नाही, असा गुरूंचा दंडक आहे. वाऱ्यासाठी आधी एक रकाना होता. आता त्याने तीन आखलेत: आपल्यापाशी, मध्यावर आणि लक्ष्यापाशी. मधला बहुतेक वेळा कोराच असतो.