पहिल्या उड्डाणापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात मिहान येथे केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकवणारा शिक्षक. विमानावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्याही पदवीने दिलेला नाही. आमच्या शाळेच्या छंदवर्गाने रेडिओवर चालणारे विमान बांधले, तेव्हा त्या वर्गाची जबाबदारी माझ्याकडे होती, एवढेच. त्या विमानाचे पहिले उड्डाण फसले आणि ते माझ्या चुकीने फसले. हे आरंभीच सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

आपण जिथे बसलो आहोत, तिथून विमानाचा आवाज दिवसभर कानावर येतो. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनींवर मिहान उभे राहिले. बोइंग कंपनीने उभारलेले विमान देखभालीचे केंद्र इथे २०१५ साली सुरू झाले. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी दसॉल्ट-रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि फाल्कन २००० या विमानाचे भाग मिहानमध्ये तयार होऊ लागले. जून २०२५ मध्ये तर या संपूर्ण विमानाची जुळणी नागपुरात करण्याची घोषणा झाली. म्हणजे आपल्या मुलांच्या डोळ्यांदेखत, आपल्या गावी बांधलेले विमान पहिल्यांदा आकाशात जाण्याचा दिवस येऊ शकतो. त्या दिवशी आपली मुले कुंपणाबाहेर उभी राहून पाहणार की आत हातात तपासणीची यादी घेऊन उभी असणार, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

छंदवर्ग सुरू झाला तेव्हा काही पालकांनी विचारले, "सर, दहावी तोंडावर आली आणि मुले खेळणी काय बनवताहेत?" प्रश्न रास्त होता. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा हक्क आहे. त्याचे उत्तर मला इतिहासातच सापडले. अमेरिकेतील राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी १८७८ साली रबराच्या पिळावर उडणारे एक लहानसे खेळणे आणून दिले होते. त्याच मुलांनी पंचवीस वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, माणसाला घेऊन इंजिनाचे विमान उडवले. त्यांचे पहिले उड्डाण अवघे बारा सेकंदांचे होते. पुढे १९३७ साली वॉल्टर आणि विल्यम गुड या दोघा भावांनी कॅलामाझू गावी विमानाचा एक नमुना रेडिओच्या लहरींवर उडवून दाखवला. 'गफ' नावाचा तो नमुना आज अमेरिकेच्या राष्ट्रीय विमान संग्रहालयात आहे.

आणखी एक उदाहरण देतो. अवकाशयान बोइंग ७४७ च्या पाठीवर बसवून नेता येईल, ही कल्पना १९७० च्या दशकात पुढे आली, तेव्हा पुष्कळांचा तिच्यावर विश्वास नव्हता. नासातील जॉन कायकर या अभियंत्याला रेडिओवरच्या विमानांचा छंद होता. त्याने दोन्हींचे लहान नमुने बांधले, एक दुसऱ्याच्या पाठीवर चढवला आणि उडवून दाखवला. १९७७ साली खरे अवकाशयान तसेच ७४७ च्या पाठीवरून आकाशात गेले. ज्याला आपण खेळणे म्हणतो, त्याच्यावरच मोठ्या कामाची पहिली परीक्षा होते, हे यातून दिसते.

आम्ही नमुना निवडला तो एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचा. ते निवडण्यामागे अभिमान होता. डॉ. विष्णु माधव घाटगे हे आपले मराठी शास्त्रज्ञ. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकून ते परतले. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ चा आराखडा झाला आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडाले.

खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे १०.७ मीटर. आम्ही सातास एक हे प्रमाण धरले, म्हणजे नमुना सुमारे दीड मीटरचा. इथे गणिताचा एक मोठा धडा मुलांना मिळाला. लांबी सातपट कमी केली की पंखांचे क्षेत्रफळ एकोणपन्नासपट कमी होते आणि आकारमान तीनशे त्रेचाळीसपट. खरे विमान भरल्यावर सुमारे हजार किलोचे. त्या हिशेबाने आमचे विमान तीन किलोच्या आत राहायला हवे होते. बांबूच्या कामट्या, थर्माकोल, थोडे बाल्सा लाकूड, विजेची मोटर, बॅटरी आणि पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या चार छोट्या सर्वो मोटरी. प्रत्येक तुकडा तराजूत घालून मुले वहीत वजन लिहीत. तीन महिने हे काम चालले.

मुलांची इच्छा मिहानच्या मोकळ्या रस्त्यावरून विमान उडवण्याची. ते मी होऊ दिले नाही. शेजारी विमानतळ आहे आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे त्याच्या परिसरात परवानगीवाचून असे विमान उडवता येत नाही. खेळ म्हणूनही नाही. म्हणून उमरेडच्या बाजूला, विमानतळापासून लांब, एका ओळखीच्या शेतकऱ्याचे पडीक शेत त्याच्या संमतीने घेतले. एन.सी.सी.च्या हवाई विभागात मुलांना विमानांचे नमुने शिकवलेले एक निवृत्त प्रशिक्षक उडवण्यासाठी यायला तयार झाले.

जानेवारीची सकाळ होती. पालक टेम्पो करून आले होते, कोणी घरून डबे आणले होते. प्रशिक्षकांना यायला उशीर होत होता आणि वारा वाढू लागला होता. आठवीतल्या एका मुलाचे वडील पतंग बनवण्याचा पिढीजात धंदा करतात. त्यांनी विमान दोन्ही हातांनी उचलून पाहिले आणि म्हणाले, "सर, हे मागून भारी वाटते." मी हसलो. म्हणालो, "भाईसाहेब, हा पतंग नव्हे, विमान आहे." ते काही बोलले नाहीत. विमान अलगद खाली ठेवून बाजूला झाले.

प्रशिक्षकांची वाट न पाहता मी स्वतः कंट्रोल हाती घेतला. संगणकावरच्या सरावाचा मला भरवसा होता. त्याहून जास्त, एवढे लोक जमले आहेत याचा दाब होता. विमान धावले, सुटले, आणि नाक वर करून उभेच राहू लागले. मी ते खाली आणण्यासाठी काडी पुढे लोटली. नाक उतरले, पुन्हा दुप्पट उसळले. मग पंखांवरची हवा सुटली, विमान एका कुशीवर कलले आणि शेजारच्या शेतातील पऱ्हाटीत जाऊन आदळले. सारे मिळून सात-आठ सेकंद. मुले धावत गेली. तो आठवीतला मुलगा तुटलेला पंख छातीशी धरून परत आला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

तपासणीची वही नववीतील एका विद्यार्थिनीकडे होती. त्या पानावर अकरा कामे लिहिलेली होती, दहांपुढे खूण होती. एक ओळ रिकामी होती: गुरुत्वमध्य.

मित्रहो, विमानाचा तोल ज्या एका बिंदूवर सांभाळला जातो, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. आमच्या आराखड्यात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या सुमारे एक चतुर्थांश अंतरावर होता. प्रत्यक्षात तो तिथून दोन बोटे मागे सरकला होता. आदल्या संध्याकाळी शेपटीला रंगाचे दोन जादा हात दिले होते आणि बॅटरी पुढच्या खणात बसेना म्हणून मागे सरकवली होती. शेपूट लांब असल्यामुळे तिथले थोडेसे वजनही तोलाला फार जड पडते. ते सावरायला नाकात त्याच्या कितीतरी पट शिसे घालावे लागते. नाक जड झालेले विमान सुस्त उडते, पण उडते. शेपूट जड झालेले विमान हातात राहत नाही. हे गणित मी पुस्तकात वाचले होते. पतंगवाल्या भाईसाहेबांना ते हातांनी ठाऊक होते. एका बाजूला कलणाऱ्या पतंगाच्या हलक्या बाजूला चिंधी बांधताना त्यांचा जन्म गेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मुलांपुढे चूक कबूल केली. संध्याकाळी त्या भाईसाहेबांच्या घरी गेलो आणि म्हटले, "माझे चुकले, आता तुम्ही शिकवा." त्यांनी चहा दिला आणि पुढचे दीड महिना दर रविवारी ते शाळेत आले. कामट्या तासून हलक्या कशा कराव्यात, हे मुले त्यांच्याकडून शिकली. त्या मुलाने वडिलांच्या कामाची आजवर मित्रांपुढे वाच्यता केली नव्हती. आता तो म्हणू लागला, "अब्बांना विचारून सांगतो." विमान मोडून मला काही मिळाले असेल तर ते हे.

मार्चमध्ये दुसऱ्यांदा गेलो तेव्हा घाई केली नाही. भाईसाहेबांनी दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान तोलले. ते सरळ राहिले. वहीतील नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या. मोटर बंद ठेवून लांबवर चालत जाऊन रेडिओची पोच तपासली. उजवीकडे काडी केली की उजवीच पट्टी वर जाते ना, हे दोघांनी वेगवेगळे पाहिले. वाऱ्याला तोंड करून प्रशिक्षकांनी विमान सोडले आणि आधी उंची घेतली; उंची हाती असेल तर एखादी चूक सावरायला वेळ मिळतो. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते, हेही त्यांनी मुलांना तिथेच दाखवले. चार मिनिटे विमान आकाशात होते. उतरताना एक चाक मोडले. त्याचीही नोंद वहीत झाली.

पालकहो, आपल्या मुलांचे पहिले उड्डाण पुष्कळदा फसेल. पहिली चाचणी, पहिली मुलाखत, पहिली नोकरी. त्या वेळी मोडलेला तुकडा हातात घेऊन येणाऱ्या मुलाला, "आम्ही सांगितले होते," असे म्हणू नका. त्या भाईसाहेबांना तसे म्हणण्याचा पूर्ण हक्क होता. ते म्हणाले नाहीत. आणि विद्यार्थी मित्रहो, लोक जमले आहेत म्हणून वहीतील एकही ओळ रिकामी सोडू नका. सांगणारा मोठा असो, तुमचे सर असोत, तरी "ही खूण राहिली आहे," असे म्हणण्याचे धैर्य ठेवा. मिहानच्या कारखान्यांत याच धैर्याची गरज आहे.

मोडलेला पहिला पंख आम्ही फेकला नाही. तो आणि ती वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना जरूर पाहा.