रक्त गाळायचे यंत्र
(वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. दिरांच्या आजारात डॉक्टरांकडून जे समजले, तेवढेच सांगते.

जखमेतले, छातीतले किंवा लघवीच्या मार्गातले जंतू बळावले आणि त्यांचे विष अंगभर भिनले, की रक्तदाब ढासळतो. मूत्रपिंड थकले तर डायालिसिसने रक्त गाळतात. असे यंत्र हॉलंडच्या डॉ. कोल्फ यांनी १९४३ साली रोग्याला लावले. त्याची गरज सांगितली, तर नाही म्हणू नये.

जंतूंचे विष टिपणारी गाळणी मात्र निराळी. जपानात ती १९९४ पासून वापरतात. पुढे अमेरिका-कॅनडात ४५० रोग्यांवर तिची परीक्षा झाली. २०१८ साली निकाल आला, की तिने मृत्यू कमी झाले नाहीत.

भावजींच्या पायाला उसाचे बुडखे लागून विष चढले होते. गाळणीची गोष्ट निघताच धाकटी जाऊ गळ्यातले काढू लागली. मी म्हटले, "थांब गं, आधी विचारू." डॉक्टर म्हणाले, "गाळणीची खात्री नाही. खरी मदार औषधावर आणि वेळेवर." शिरेतून जंतुनाशक औषध, सलाईन आणि जखमेतला पू काढणे, एवढ्यावर भावजी उठले. असे औषध पहिल्या तासात मिळावे, म्हणतात.

तेव्हा ताप-हुडहुडीबरोबर धाप, गुंगी, असंबद्ध बोलणे दिसले किंवा लघवी कमी झाली, तर "सकाळी बघू" म्हणू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा. आणि सोने मोडण्याआधी "याने गुण किती येईल?" हे विचारा. विचारण्यात कसली लाज?