किती जण आपणांमध्यें आहेत?

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं पाचोड येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीचा प्रसंग हा मोजदादीचाही प्रसंग असतो. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती जण प्रभूच्या घरीं गेले, हें या दिवसांत नोंदवहींतून काढून वाचण्याचा प्रघात आहे. आज आम्ही अशाच एका मोजदादीविषयीं बोलणार आहों. परंतु तिची वही आपल्या देवळांत नाहीं. कर्करोग झालेलीं किती माणसें आपणांमध्यें जगत आहेत, हा आमचा विषय होय.

हा प्रश्न विचारतांच लोक मृत्यूंचा आकडा सांगूं लागतात. येथेंच पहिली चूक होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं हिंदुस्थानांत सुमारें १४ लक्ष लोकांस हा रोग नव्यानें झाला व सुमारें ९ लक्ष लोक त्यानें मृत्यु पावले. परंतु मागील पांच वर्षांत रोग कळला आणि जे अद्याप हयात होते, त्यांची संख्या सुमारें ३२ लक्ष होती. सर्व जगांत अशीं माणसें ५ कोटींहून अधिक होतीं. पांच वर्षांपेक्षांही अधिक काळ जे नांदत आहेत, ते या संख्येंत धरलेलेच नाहींत.

आपण मराठवाड्यांतील माणसें. आपणांस विहिरीची भाषा लवकर समजते. झऱ्यांतून दरवर्षीं जें नवें पाणी येतें, तो नव्या रोग्यांचा आकडा. मोटेनें किंवा पंपानें जें बाहेर जातें, तो मृत्यूंचा आकडा. आणि आज दोर सोडून मोजलें असतां विहिरींत जें पाणी उभें दिसतें, तो हयात रोग्यांचा आकडा. पाणी चढलें तें झरे वाढल्यामुळें कीं उपसा कमी झाल्यामुळें, हें नुसत्या पाण्याकडे पाहून सांगतां येत नाहीं. त्याचप्रमाणें हयात रोग्यांची संख्या वाढली, तर रोगच वाढला असें समजूं नये. उपचार सुधारले व माणसें अधिक वर्षें जगूं लागलीं, असाही तिचा अर्थ होऊं शकतो. उलट, ज्या भागांत रोगी उशिरा येतात व लवकर दगावतात, तेथें ही संख्या लहान दिसते. ती समाधानाची गोष्ट नव्हे.

ही मोजदाद आपल्या महाराष्ट्रांत कशी सुरू झाली, तें थोडक्यांत सांगूं. मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. परंतु रुग्णालयांत कोण येतें हें कळल्यानें गांवांत किती रोगी आहेत हें कळत नाहीं. म्हणून १९६३ सालीं मुंबई शहरांतील सर्व रहिवाशांची कर्करोग-नोंदणी सुरू झाली. देशांतील अशी ती पहिलीच. खेड्यांची पाळी मात्र १९८७ सालीं आली, आणि तो मान सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस मिळाला. खेड्यांतील पुष्कळ रोगी रुग्णालयाची पायरीच चढत नसत. तेव्हां कार्यकर्ते गांवोगांव हिंडले, चावडीवर व घरोघरीं बसले, रोगाचीं पूर्वचिन्हें समजावून सांगितलीं आणि संशय येईल त्यास तपासणीस नेलें. कांहीं वर्षांनीं असें आढळून आलें कीं, गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या. मोजावयास गेलेल्या माणसांच्या हातून कित्येकींचे प्राण वांचले!

पुढें उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १ लक्ष ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटास गर्भाशयमुखांतील विषाणूची एकच तपासणी देण्यांत आली, त्या गटांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्या स्त्रिया आपल्याच मराठवाड्याच्या मातीतल्या होत्या.

आतां आपल्या पाचोडकडे वळूं. आपल्या दारावरून जाणारा धुळे-सोलापूर रस्ता उत्तरेस छत्रपती संभाजीनगरास जातो. तेथें १९७८ पासून शहराची नोंदणी आहे आणि २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. दक्षिणेस तोच रस्ता बीडवरून धाराशिवास जातो. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालांत औरंगाबाद शहर आहे, बीड व उस्मानाबाद जिल्हे आहेत. मधलीं पैठण तालुक्यांतील आपलीं खेडीं नाहींत. शहराची वही शहराच्या रहिवाशांची असते. आपला माणूस तेथें उपचार घेईल, परंतु शहराच्या मोजणींत तो धरला जाणार नाहीं.

सरकारी वही आपण लिहूं शकत नाहीं. परंतु दुसरी एक मोजदाद आहे, ती मात्र आपल्याच हातीं आहे. आम्हीं अशीं घरें पाहिलीं आहेत कीं, जेथें आईच्या स्तनांतील गांठ वर्षभर सांगितली गेली नाहीं. मुलीचें लग्न मोडेल ही भीति होती. जेथें बापाच्या तोंडांतील न भरणाऱ्या जखमेस उष्णतेचें नांव देण्यांत आलें, आणि तंबाखूची पुडी उशाशीं तशीच राहिली. जेथें आजाऱ्याचें ताट-पेला वेगळें ठेविलें गेलें. जणूं काय एका ताटांत जेवल्यानें हा रोग लागतो! बंधुभगिनींनो, तो तसा लागत नाहीं. लपविलेला रोगी कोणत्याच वहींत येत नाहीं, उपचारासही येत नाहीं, आणि शेवटीं फक्त मृत्यूच्या वहींत येतो.

म्हणून आमची विनंति एवढीच. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडांतील जखम, स्तनांतील गांठ, अवेळीं होणारा रक्तस्राव यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवावें. उपचाराचे कागद जपून ठेवावे. आणि जो बरा होऊन परत आला आहे, त्यानें शक्य तर तें सांगावें. त्याच्या एका शब्दानें दहा जणांस धीर येतो.

शंभर मेंढरांतील एक हरवल्याचें मेंढपाळास कळलें, तें त्यानें मोजलीं होतीं म्हणून. प्रभु येशूच्या त्या दाखल्यांत शोधापूर्वीं मोजणी आहे. आज घरीं जातांना आपल्या वाडींत, आपल्या गल्लींत, गेल्या कांहीं रविवारीं कोण देवळांत दिसला नाहीं, हें मनाशीं मोजावें, आणि त्याच्या दारीं जावें. ईश्वर आपणां सर्वांस त्याकरितां बळ देवो.