पाने गेली, साग उभा आहे



गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर गेलो होतो. बांधावरच्या सागाची कोवळी पाने अळ्यांनी फस्त केली होती. उरल्या होत्या नुसत्या शिरा. घरधनी म्हणाले, "नातीच्या लग्नासाठी राखली होती. मेली आता. व्यापारी देईल त्या भावात तोडतो."

मी म्हणालो, "बाबा, थांबा."

पहिल्या पावसात नवी पालवी फुटली की पतंगाची ही अळी येते. साग सहसा मरत नाही, पुन्हा पालवतो. पण खोडाची वाढ खुंटते. केरळात निलांबूरच्या तरुण लागवडीत झालेल्या अभ्यासात ४४ टक्के वाढ बुडालेली आढळली. फवारणीने अळीबरोबर तिला खाणारे किडेही मरतात. आणि कोवळ्या सागाला गाभा कमी, म्हणून भावही कमी.

बाबा थांबले. महिन्याभरात झाडे हिरवी झाली.

टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई देण्याचे देवाचे अभिवचन योएलाच्या ग्रंथात आहे. तोवर गरिबाने थांबायचे कशाच्या बळावर? बंधुभगिनींनो, आपली देणगी त्या थांबण्याला आधार देते. प्रार्थनेत या पाड्यांची आठवण ठेवा.